उणकलला रस्ते तीन, पण पोरींच्या टाइम ट्रायलला एकही नाही

हुबळी : उणकल तलावाच्या बांधावर सकाळी सहाच्या सुमाराला गेलं तर दोन तऱ्हेचे सायकलवाले भेटतात. एक, डॉक्टरांनी चालायला-फिरायला सांगितलंय म्हणून सायकल काढलेले. त्यांना घाई नसते, विवेकानंदांच्या पुतळ्यासमोर थांबून चहाही होतो. दुसरे पातळ टायरच्या सायकलीवरचे. ते तलावाजवळ थांबतच नाहीत. पी. बी. रोड धरून सरळ धारवाडच्या दिशेनं निघून जातात. या दुसऱ्या तऱ्हेत आता मुलीही दिसतात. त्या कुठं सराव करतात आणि कुणाच्या भरवशावर करतात, हा प्रश्न क्रीडा पानावरचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तो रस्त्यांचा प्रश्न आहे, आणि सीमाभागाचाही आहे.

निमित्त आहे महिलांच्या आंतरराष्ट्रीय टाइम ट्रायलचं. २१ सप्टेंबर २०२५ ला रवांडाच्या किगाली शहरात जागतिक रोड सायकलिंग स्पर्धेची सुरुवात झाली. आफ्रिकेत ही स्पर्धा पहिल्यांदाच भरली होती. पहिल्याच दिवशी महिलांची वैयक्तिक टाइम ट्रायल झाली. अंतर ३१.२ किलोमीटर, रस्ता चढउतारांचा, शेवटाकडे दगडी फरसबंदीची चढण. जिंकली स्वित्झर्लंडची मार्लेन रॉयसर. शेतकऱ्याच्या घरातली पोर, शिकून डॉक्टर झालेली, सायकलिंगमध्ये पंचविशीनंतर गंभीरपणे उतरलेली. आदल्याच दिवशी तिला ३४ वर्षं पूर्ण झाली होती. दुसऱ्या क्रमांकावरच्या आना फान डर ब्रेखनला तिनं जवळपास ५२ सेकंदांनी मागं टाकलं.

त्या आठवड्यात किगालीत शाळांना सुट्टी होती, सरकारी कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितलं होतं. शहराचे मुख्य रस्ते सायकलींसाठी मोकळे ठेवले गेले. रवांडा हा काही श्रीमंत देश नाही. रॉयसरच्या विजयाइतकीच ही गोष्टही इकडच्या माणसानं लक्षात ठेवावी अशी आहे.

टाइम ट्रायल म्हणजे घड्याळाविरुद्धची शर्यत. घोळक्यानं पळायचं नाही. एकेकीला ठरावीक अंतरानं, बहुतेक वेळा एक किंवा दीड मिनिटानं, लाकडी उतारावरून सोडतात. पुढचीला गाठलं तरी तिच्या पाठीमागं लपून वाऱ्यापासून वाचायला मनाई. ओलांडताना बाजूला दोन मीटर जागा सोडायची, आणि मागं पडलेलीनं पुढं गेलेलीपासून किमान २५ मीटर लांब राहायचं. थोडक्यात, मदत कुणाचीच नाही. साध्या रोड रेसमध्ये हुशार खेळाडू तीन तास दुसऱ्यांच्या आडोशाला बसून शेवटच्या दोनशे मीटरला डाव साधू शकते. इथं तसला डाव नाही. बाई, तिची सायकल, वारा आणि रस्ता एवढाच हिशेब.

यात वाऱ्याचा वाटा मोठा असतो. सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या पुढं गेलं की ताकदीतली ऐंशी-नव्वद टक्के हवा कापण्यात जाते. वेग वाढला की ही मागणी घनानं वाढते. ताशी ४० वरून ४२ वर जायचं म्हणजे वेग पाच टक्क्यांनी वाढला, पण हवेविरुद्धची ताकद सोळा टक्क्यांच्या आसपास जास्त लागते. ३० किलोमीटरच्या शर्यतीत त्याचा फायदा किती? ४० च्या वेगानं ४५ मिनिटं लागतात, ४२ च्या वेगानं ४२ मिनिटं ५१ सेकंद. दोन मिनिटं नऊ सेकंद. जागतिक पातळीवर या दोन मिनिटांत पुढच्या कितीतरी जणी बसतात. २०२४ च्या झुरिच स्पर्धेत तर ऑस्ट्रेलियाची ग्रेस ब्राउन डेमी फोलेरिंगपेक्षा जेमतेम १६ सेकंद पुढं होती.

हीच ब्राउन त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पावसात ३२.४ किलोमीटर ३९ मिनिटं ३८ सेकंदांत गेली. ताशी सरासरी ४९ किलोमीटर. हुबळीकरांच्या भाषेत सांगायचं तर आपल्या सिद्धारूढ स्वामी स्थानकाचा १५०७ मीटरचा, जगातला सर्वांत लांब म्हणून गाजलेला प्लॅटफॉर्म ती एक मिनिट ५१ सेकंदांत ओलांडेल. सामान घेऊन तोच प्लॅटफॉर्म चाललेल्या माणसाला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

पॅरिसमध्ये आणखी एक गोष्ट झाली होती. महिला आणि पुरुषांना अंतर सारखंच होतं. त्याच्या आधीच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांना ४४.२ किलोमीटर आणि महिलांना बरोबर निम्मं, २२.१ किलोमीटर ठेवलं होतं. महिलांची जागतिक टाइम ट्रायल १९९४ ला सिसिलीत सुरू झाली, पहिली विजेती अमेरिकेची कॅरेन कुरेक. ऑलिंपिकमध्ये ती १९९६ ला आली. म्हणजे बरोबरीच्या अंतरापर्यंत पोचायला ऑलिंपिकला २८ वर्षं लागली. १९९४ पासूनच्या जागतिक पदकयादीत एकाही भारतीय महिलेचं नाव नाही. ऑलिंपिकमध्ये तर भारताची महिला रोड सायकलपटू अजून उतरलेलीच नाही.

आता इकडं वळूया.

नकाशा उघडून बघितला तर हुबळीचं स्थान मजेशीर आहे. पुणे-बेंगळुरू महामार्ग, आजचा क्रमांक ४८, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड करत इथं येतो. आणि ५२ क्रमांकाचा महामार्ग सोलापूर, विजापूर करत इथंच उतरतो, पुढं अंकोल्याला जातो. पहिल्या रस्त्यावर कोल्हापूर-सांगलीकडच्या सायकलपटू, दुसऱ्या रस्त्यावर विजापूर-बागलकोटच्या. देशातल्या महिला रोड सायकलिंगचे दोन जुने, कसदार पट्टे या दोन रस्त्यांवर आहेत, आणि ते दोन रस्ते हुबळीत मिळतात.

विजापूरचं नाव सायकलिंगमध्ये काढलं की कर्नाटकातले लोक मान डोलावतात. गोलघुमटाच्या गावात क्रीडा वसतिगृहातून आलेल्या पोरी वर्षानुवर्षे राष्ट्रीय पदकं आणतायत. यातल्या बहुतेकींच्या घरी जिरायती शेती, नाहीतर रोजंदारी. बेळगाव जिल्ह्यातलं रामदुर्ग तालुक्यातलं चंदरगीचं निवासी क्रीडा विद्यालयही याच कामासाठी ओळखलं जातं. सीमेच्या अलीकडं कोल्हापूर जिल्ह्यातल्या इंगळीची पूजा दानोळे ‘खेलो इंडिया’त पदकांवर पदकं घेत पुढं आली. संगमनेरची प्रणिता सोमण माउंटन बाइक आणि रोड दोन्हींत महाराष्ट्राचं नाव लावून आली. राष्ट्रीय रोड स्पर्धा अलीकडच्या काळात नाशिकलाही झाली आणि विजापूरलाही. म्हणजे खेळाडू आहेत आणि स्पर्धाही होतात. जगात पुढं जाताना कमी पडतो तो सरावाचा रस्ता, आणि त्याच्यानंतर सायकल.

सायकलचं आधी उरकून टाकू. टाइम ट्रायलची सायकल वेगळी असते. पुढं लांब हात टाकून झोपल्यासारखं बसायचे एरो बार, मागं भरीव डिस्कचं चाक, अंगाला चिकटलेला पोशाख, शेपटीसारखं हेल्मेट. चांगल्या पूर्ण सायकलीची किंमत काही लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जाते. परदेशी सायकलीवर २०२३ च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्क ३० वरून ३५ टक्के झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा. जिची रोड सायकलच गावातल्या वर्गणीतून आली, तिनं दुसरी सायकल कुठून आणायची? पण सायकल निदान पैशानं मिळते. संघटना घेऊ शकते, रेल्वे देऊ शकते, एखादा साखर कारखाना मनावर घेऊ शकतो. मोकळा रस्ता बाजारात मिळत नाही.

टाइम ट्रायलचा सराव म्हणजे वीस-तीस मिनिटं एकाच लयीत, डोकं खाली घालून, नजर रस्त्याच्या पुढच्या पंधरा-वीस मीटरवर ठेवून जाणं. एरो बारवर हात असताना ब्रेक बोटाखाली नसतो. सायकल वळवायची म्हटली तरी एक क्षण जास्त लागतो. अशा बसणीत मागून डंपर येतोय, डावीकडून म्हैस येतेय, पुढं खडीचा ढीग पडलाय, याचा हिशेब ठेवता येत नाही. म्हणून मुली डोकं वर काढतात, हात ब्रेकवर आणतात, आणि तिथंच सरावाचा अर्थ संपतो. शरीराला जी बसण सवयीची व्हायला हवी ती होत नाही. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा रस्ता मोकळा मिळतो, आणि त्या दिवशी मान, खांदे, कंबर सगळं बोंब मारतं.

मराठी वर्तमानपत्रांना सायकलवर जाणारी बाई आवडत नाही असं मुळीच नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवर केली, तेव्हा भरभरून छापून आलं. प्रीती मस्के यांनी २०२२ मध्ये लेह ते मनाली ४३० किलोमीटर ५५ तास १३ मिनिटांत पूर्ण केलं, त्याचंही कौतुक झालं. व्हायलाच हवं होतं. पण आपल्याकडं कौतुक होतं ते जिद्दीचं. खराब रस्ता, थंडी, रात्र, एकटेपण यांवर मात केली की बातमी होते. टाइम ट्रायलमध्ये खराब रस्त्यावर मात करायची नसते, खराब रस्ता नसावाच लागतो. व्यवस्थेनं आपलं काम केलं तरच या खेळात बाईचं काम दिसतं. जिद्दीच्या गोष्टी सांगून व्यवस्थेची सुटका करायची सवय लागलेल्या समाजाला हा खेळ म्हणूनच थोडा अडचणीचा वाटत असावा.

आता उणकलचे तीन रस्ते.

पहिला उणकल नाल्याच्या काठचा. हुबळी-धारवाड स्मार्ट सिटीनं तलावापासून गब्बूरच्या दिशेनं जाणाऱ्या या नाल्याच्या कडेनं सुमारे नऊ किलोमीटरचा ‘ग्रीन मोबिलिटी कॉरिडॉर’ आखला. फ्रेंच विकास संस्था आणि युरोपीय संघाच्या मदतीनं चाललेल्या सिटीज कार्यक्रमात तो निवडला गेला. सांडपाण्याचा नाला, आणि त्याच्या काठानं चालायला नि सायकलला वाट, ही कल्पना चांगलीच होती. सुरुवातीला काही शे मीटरचा नमुना तयार झाला. शहरात ‘सवारी’ नावाची भाड्याच्या सायकलींची सोयही आली, ३४ स्थानकं आणि ३४० सायकली. हे सगळं आवश्यक आहे. शाळेला जाणाऱ्या पोरासाठी, भाजी आणणाऱ्या माणसासाठी. पण ताशी ४० नं जाणाऱ्या मुलीला नाल्याकाठच्या त्या वाटेवर सोडलं तर ती आणि आजोबा दोघंही दवाखान्यात जातील. सायकल ट्रॅक बांधला म्हणजे सायकलिंगचं काम झालं, असं पुढाऱ्यांना वाटतं. ते तसं नाही.

दुसरा रस्ता उणकलच्या मधोमध जातो. बीआरटीएस. हुबळी आणि धारवाडला जोडणारा साधारण २२ किलोमीटरचा मार्ग, मधल्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या फक्त ‘चिगरी’ बससाठी, कडेला कठडे. २०१८ मध्ये बस धावू लागल्या, २ फेब्रुवारी २०२० ला रीतसर उद्घाटन झालं. उणकल क्रॉस, उणकल, उणकल लेक अशी ओळीनं स्थानकं आहेत. या बीआरटीएसवर इथले लोक भरपूर चिडलेले आहेत. मधल्या पट्ट्या मोकळ्या आणि कडेला गाड्यांची कोंडी, अशी तक्रार आहे. ती व्यवस्था ठेवायची की काढून तिथं विजेवर चालणारी दुसरी काही आणायची, यावर मंत्र्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांची मतं आहेत. सायकलवाल्याला त्या पट्टीत जायला परवानगी नाही, आणि नसावीच. बस मागून आली तर पळायला जागा नाही. त्यामुळं सायकल जाते कडेच्या मिश्र रस्त्यावर, जिथं रिक्षा, टेम्पो, चुकीच्या बाजूनं येणारा दुचाकीवाला आणि दार उघडणारी उभी कार असतात.

पण एक आकडा बघा. टोकियो ऑलिंपिकची महिलांची टाइम ट्रायल २२.१ किलोमीटरची होती. हुबळी-धारवाडची बंदिस्त पट्टी जवळजवळ तेवढीच आहे.

तिसरा रस्ता उणकलच्या पश्चिमेला शेतांतून जातो. गब्बूरपासून नरेंद्रपर्यंतचा बायपास, तीस-एकतीस किलोमीटर. म्हणजे किगालीच्या शर्यतीएवढा. रस्ता तसा सरळ, वस्ती कमी, हवा मोकळी, त्यामुळं सायकलवाल्यांना तो खुणावतो. पण या बायपासचं नाव काढलं की इथल्या माणसाला सायकल आठवत नाही. महामार्गाच्या दोन्ही टोकांना चारपदरी रस्ता आणि मधला हा तुकडा दोनच पदरी, अशी अवस्था कितीतरी वर्षं होती. समोरासमोरच्या टकरी नेहमीच्या झाल्या. १५ जानेवारी २०२१ ला इटिगट्टीजवळ गोव्याकडं निघालेल्या दावणगेरेच्या मैत्रिणींच्या गाडीला टिपरची धडक बसली, त्यात अकरा जणांचा जीव गेला. त्यानंतर मृतांच्या घरच्यांनी आवाज उठवला, न्यायालयापर्यंत विषय गेला, आणि सहापदरीकरण हाती घेतलं गेलं. नव्या आराखड्यात दोन्ही बाजूंना सेवारस्ते आहेत.

त्या मैत्रिणी सायकलवर नव्हत्या. पण इथल्या कुठल्याही आईला आपली पोर पहाटे सायकल घेऊन बायपासकडं गेली म्हटल्यावर तीच बातमी आठवते. आई नको म्हणते. पोर मग सायकल घरातच स्टँडवर लावून मारते, किंवा खेळ सोडते. खेळ सोडणाऱ्या मुलींची अशी नोंद कुठल्याच संघटनेच्या वहीत होत नसते.

रस्त्यावरच्या सरावात जीव जातो, हे फक्त आपल्याकडचं दुःख नाही. ऑस्ट्रेलियाची एमी गिलेट आधी नौकानयनात ऑलिंपिक खेळलेली, मग सायकलिंगकडं वळलेली. जुलै २००५ मध्ये जर्मनीत एका स्पर्धेआधी संघातल्या मैत्रिणींबरोबर ती रस्त्यावर सराव करत होती. समोरून आलेली मोटार त्यांच्यात घुसली. एमी जागीच गेली, इतर पाच जणी जबर जखमी झाल्या. तिच्या नावानं निघालेल्या संस्थेनं एकच मागणी धरून ठेवली, की सायकलला ओलांडताना मोटारीनं निदान एक मीटर जागा सोडावी. क्वीन्सलंड राज्यानं २०१४ पासून ते नियमात आणलं. वेग साठपर्यंत असेल तर एक मीटर, त्यापुढं दीड. पुढं ऑस्ट्रेलियाच्या इतर राज्यांतही असेच नियम आले. आपल्या पी. बी. रोडवरच्या ड्रायव्हरला, मग तो एमएच पाटीचा असो की केए, सायकल ओलांडताना किती जागा सोडायची असं विचारून बघा. मीटरचा आकडा काही मिळायचा नाही. फार तर हॉर्न वाजवतो की ओ, म्हणेल.

बंद रस्त्यावरही सगळं आलबेल असतं असं नाही. २०२४ च्या झुरिच स्पर्धेत स्वित्झर्लंडची १८ वर्षांची म्युरिएल फुरर ज्युनियर रोड रेसमध्ये पावसात जंगलाच्या भागात पडली, बराच वेळ ती कुणाच्या ध्यानात आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. त्यानंतर किगालीत प्रत्येक खेळाडूच्या सायकलवर जीपीएसचा माग लावला गेला. रस्ता बंद करणं ही पहिली पायरी, त्यानंतर माणसं, रुग्णवाहिका, खुणा, माग ही पुढची सगळी कामं असतात.

भारताला हे जमतच नाही, असंही म्हणता येणार नाही. १३ ऑक्टोबर २०१० ला दिल्ली राष्ट्रकुलची महिलांची टाइम ट्रायल नोएडा-ग्रेटर नोएडा एक्स्प्रेसवेवर झाली. २९ किलोमीटर, पूर्ण बंद रस्ता, जिंकली कॅनडाची टारा व्हिटन. एवढा वर्दळीचा द्रुतगती मार्ग एका सकाळी सायकलींना दिला गेला आणि देश काही बुडाला नाही. जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता असलेली कित्येक दिवसांची शर्यत, पुणे जिल्ह्यातले शेकडो किलोमीटर रस्ते त्यासाठी नव्यानं केले गेले, आणि सुरुवातीची प्रोलॉग म्हणजे छोटी टाइम ट्रायलच पुणे शहरात झाली. लोक दुतर्फा उभे राहिले. फक्त ती शर्यत पुरुषांची होती. त्याच रस्त्यांवर, त्याच पोलीस बंदोबस्तात, महिलांची एक सकाळ बसवणं अवघड नव्हतं. रस्ता झाडलेला होता, कठडे लावलेले होते, घड्याळं आणलेली होती.

मोठ्या स्पर्धेची वाट बघत बसण्यातही अर्थ नाही. यंदाच्या ग्लासगो राष्ट्रकुलमध्ये सायकलिंग आहे, पण फक्त वेलोड्रोमवरचं. २०३० ची राष्ट्रकुल अहमदाबादला मिळाली आहे, ती चार वर्षं लांब. विजापूरच्या वेलोड्रोमचं बांधकाम किती वर्षं रेंगाळलं, हे तिथल्या पोरींना विचारावं. बालेवाडीचा वेलोड्रोम १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी बांधला गेला, म्हणजे महिलांची जागतिक टाइम ट्रायल सुरू झाली त्याच वर्षी. बांधकामाच्या गोष्टी आपल्याकडं अशा पिढीपिढीनं चालतात. रस्ता मात्र आज आहे. तो बांधायचा नाही, दोन तास मोकळा करायचा आहे.

हिशेब साधा आहे. साठ मुली, मिनिटाला एक. पहिली सहाला सुटली तर शेवटची सहा एकोणसाठला सुटते. तीस किलोमीटरला तिला पन्नास मिनिटं लागली असं धरलं तरी पावणेआठ-आठला सगळं आटोपतं. रविवारी सकाळी सहा ते आठ. नव्या बायपासची एक बाजू किंवा एक सेवारस्ता, नाहीतर बीआरटीएसची पट्टी, बस तेवढ्यापुरत्या कडेनं. महिन्यातून एक रविवार. याला स्टेडियम लागत नाही, परदेशी सल्लागार लागत नाही. पोलीस, रुग्णवाहिका, प्रत्येक फाट्यावर शिट्टी असलेला स्वयंसेवक आणि कुत्री हाकलणारी चार माणसं लागतात. शेवटच्या गोष्टीला हसू नये. पंचेचाळीसच्या वेगात समोर आलेलं कुत्रं हे डंपरइतकंच गंभीर असतं.

अडचणी आहेत, त्याही बघायला हव्यात. बीआरटीएसच्या पट्टीत जागोजागी सिग्नल आणि पादचारी ओलांडण्याच्या जागा आहेत. स्थानकांपाशी पट्टी अरुंद होते. रविवारी सकाळी धारवाडला परीक्षेला जाणारी पोरं बसवरच अवलंबून असतात, त्यांचं नुकसान करून शर्यत घेतली तर लोक सायकलवरच राग काढतील. बायपास महामार्ग प्राधिकरणाचा, पोलीस हुबळी-धारवाड आयुक्तालयाचे, खेळ राज्याच्या क्रीडा खात्याचा, स्पर्धेची मान्यता सायकलिंग फेडरेशनची. एका सकाळसाठी चार दारं. यातलं एकही दार मुद्दाम बंद केलेलं नाही. पण चारही एकाच वेळी उघडायची जबाबदारी कुणाचीच नाही, आणि आपल्याकडं बहुतेक गोष्टी अडतात त्या इथंच. त्यातल्या त्यात सेवारस्त्याचा पर्याय सोपा दिसतो. बस अडत नाहीत, महामार्गही अडत नाही, फक्त आजूबाजूच्या गावांना आधी विश्वासात घ्यावं लागेल. ट्रॅक्टर घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला आदल्या दिवशी सांगितलं तर तो थांबतो. ऐनवेळी पोलिसानं अडवलं तर भांडतो. त्यात त्याची चूक नाही.

सीमाभागाचा मुद्दा यात कुठं येतो? निपाणीची मुलगी कर्नाटकाकडून खेळते, तिच्यापासून पंधरा-वीस किलोमीटरवरची कागलची मुलगी महाराष्ट्राकडून. दोघी एकाच ४८ नंबर महामार्गावर सराव करतात, एकाच कोगनोळी नाक्यावरून वळून परत फिरतात. घरी दोघीही मराठी बोलतात. पण एकीला शिवछत्रपती पुरस्कार, दुसरीला एकलव्य. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे, कर्नाटकाचे नियम वेगळे. वसतिगृह वेगळं, भत्ता वेगळा, प्रशिक्षक वेगळा. हे सगळं राज्यांनी ठरवायचं, ते ठरवतील. पण सरावाची शर्यत कुणाच्या राज्यात आहे याला काही महत्त्व नाही. रस्ता दोघींना सारखाच लागतो. कोल्हापूरहून हुबळी दोनशे किलोमीटरच्या आसपास, विजापूरहूनही साधारण तेवढंच. दोन्ही पट्ट्यांतल्या मुलींना शनिवारी संध्याकाळी येऊन रविवारी दुपारी परत जाता येईल असं मधलं ठिकाण हुबळीच आहे.

शिवाय इथं रेल्वे आहे. दक्षिण-पश्चिम रेल्वेचं मुख्यालय २००३ पासून हुबळीत आहे. देशातल्या अनेक महिला सायकलपटूंना खेळावर नोकरी मिळते ती रेल्वेत, आणि राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ वेगळा उतरतो. तिथं गेल्यावर मुलगी कर्नाटकाची की महाराष्ट्राची हा प्रश्नच उरत नाही. गेली कैक वर्षं दोन राज्यांतल्या पोरी शेवटी एकाच निळ्या जर्सीत येतात, हे सीमावादावर बोलणाऱ्यांच्या फारसं लक्षात येत नाही. रेल्वेनं मनावर घेतलं तर घड्याळं, पंच, राहायची सोय ही कामं तिला नवी नाहीत.

दोन्ही राज्यांच्या संघटनांनी अशी मालिका मिळून घ्यावी, असं म्हटलं की लगेच कुणाच्या झेंड्याखाली, हे विचारलं जाईल. पंचांची भाषा कोणती, फलक कन्नडमध्ये की मराठीत, हेही निघेल. फलकावर बाण काढला की पुरे. टाइम ट्रायलमध्ये पंच एकच वाक्य बोलतो, पाच, चार, तीन, दोन, एक. ते हुबळीच्या मराठा गल्लीतल्या पोरीला कन्नडमध्ये कळतं आणि विजापूरच्या पोरीला मराठीतही.

तूर्त बायपासवर रोलर फिरतायत, बीआरटीएसचा निर्णय व्हायचाय, आणि नाल्याकाठची वाट पुढं सरकायचीय. पावसाळा संपला की रोड सायकलिंगचा हंगाम सुरू होईल. जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय निवड चाचण्या. त्यात टाइम ट्रायल असेल, आणि तिथं उतरणाऱ्या बऱ्याच जणींना बंद रस्त्यावर एरो बारवर सलग अर्धा तास बसायची ती वर्षातली पहिली वेळ असेल.